उनो, ईएसपी३२ की न्यूक्लिओ? एन्कोडरवाल्या मोटरसाठी बोर्ड निवडताना

मेकॅट्रॉनिक्सच्या प्रोजेक्टसाठी मायक्रोकंट्रोलर बोर्ड (उनो, ईएसपी३२ किंवा न्यूक्लिओ) घेताना बहुतेक जण मेगाहर्ट्झ आणि किंमत बघतात. आधी मोटर बघा. तिला एन्कोडर (फिरणे मोजणारा सेन्सर) असेल आणि पीआयडी (चूक बघून आउटपुट सुधारत राहणारी नियंत्रण पद्धत) लावून वेग धरायचा असेल, तर सेकंदाला किती काउंट मोजावे लागणार यावर बोर्ड ठरतो.

नेहमीची गिअर मोटर धरू: मोटरच्या शाफ्टवरचा एन्कोडर ११ पीपीआरचा (एका फेरीला ११ पल्स), गिअर रेशो ३०. एन्कोडरच्या ए आणि बी या दोन्ही चॅनेलच्या सगळ्या कडा (सिग्नल चढतो-उतरतो ते क्षण) मोजल्या तर चाकाच्या एका फेरीला ११ × ४ × ३० = १३२० काउंट, म्हणजे २०० आरपीएमला सेकंदाला ४४००. आर्डुइनो उनोत (आर३) एका इंटरप्टला (कड आली की प्रोसेसर हातचे काम थांबवून ती मोजतो) साधारण १० मायक्रोसेकंद धरले, तर प्रोसेसरचा पाच टक्केही वेळ जात नाही. अशा एका मोटरला उनो पुरेसा आहे. दुसरी मोटर आली की मात्र अडते, कारण बाह्य इंटरप्टच्या पिना दोनच आहेत, २ आणि ३. मग प्रत्येक मोटरचा एकच चॅनेल इंटरप्टला द्यायचा आणि निम्म्या रिझोल्यूशनवर भागवायचे. काउंटसाठी ‘व्होलाटाइल लाँग’ (मोठी संख्या मावणारा व्हेरिएबल) वापरा. उनोवर ‘इंट’ ३२७६७ नंतर एकदम ऋण होतो.

आता ५०० पीपीआरचा एन्कोडर ३००० आरपीएमवर फिरवा. सेकंदाला १ लाख कडा, म्हणजे दर १० मायक्रोसेकंदांना एक. इथे उनोचे काउंट सुटतात आणि पोझिशन हळूहळू सरकते. मुले केपी, केआय (पीआयडीचे गुणांक) बदलत बसतात. चूक असते मोजणीत.

हे काम न्यूक्लिओ एफ४०१आरई सहज करतो. चिपमधला टायमर एन्कोडर मोडला टाकला, ए आणि बी त्याच्या चॅनेल १ व २ ला जोडले, की मोजणी हार्डवेअरच करते. बोर्डवरच डीबगर असल्याने ब्रेकपॉइंट लावून व्हेरिएबल बघता येतात. पण सांभाळा: प्रोग्रॅम थांबला तरी पीडब्ल्यूएम (मोटरला जाणारा चालू-बंद पल्स) चालू राहतो आणि मोटर शेवटच्या ड्युटीवर (पल्सच्या चालू भागाचे प्रमाण) फिरतच राहते. चाके अधांतरी ठेवा, मोटर सप्लायचा स्विच हाताशी असू द्या. क्यूबआयडीई (न्यूक्लिओचा प्रोग्रॅम लिहिण्याचे सॉफ्टवेअर) अंगवळणी पडायला वेळ लागतो, तेवढा हिशेबात धरा.

ईएसपी३२ मध्येही हार्डवेअर पल्स काउंटर आहे (सी३ प्रकारात नाही, खरेदीआधी तपासा). तो १६ बिटांचा, त्यामुळे २००० काउंटच्या एन्कोडरला सोळा फेऱ्यांनंतर ओव्हरफ्लो (काउंटरची मर्यादा संपणे) सांभाळावा लागतो. पिना ३.३ व्होल्टच्या. अंतर मोजणाऱ्या एचसी-एसआर०४ सेन्सरचा ‘एको’ ५ व्होल्टचा येतो, तो १ किलोओहम आणि २ किलोओहमच्या व्होल्टेज डिव्हायडरमधून घ्या. ३४ ते ३९ या पिनांना आतून पुल-अप (सिग्नल वर धरणारा रेझिस्टर) नाही. ओपन कलेक्टर (सिग्नल फक्त खाली ओढणारा) एन्कोडर थेट तिथे जोडला तर काउंट भरकटतात. वायफाय चालू असताना एडीसी२ (अॅनालॉग वाचणाऱ्या दुसऱ्या भागाच्या) पिनांवर अॅनालॉग सेन्सर लावू नका.

सर्व्हो (दिलेल्या कोनाला जाणारी मोटर) तिन्हींपैकी कुठल्याच बोर्डच्या ५ व्होल्ट पिनवर चालवू नका. उनोच्या यूएसबीला ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज आहे आणि अडकलेला एक छोटा एसजी९० सर्व्हो देखील त्याहून जास्त करंट ओढू शकतो. बोर्ड रीसेट होतो. वेगळा सप्लाय द्या, ग्राउंड मात्र एकत्र जोडा.

पहिल्या सेमिस्टरला सेन्सर वाचायचे असतील तर उनो घ्या. फोनवरून नियंत्रण हवे असेल तर ईएसपी३२. फायनल इयरला क्लोज्ड लूप (एन्कोडर वाचून मोटर सुधारणारे नियंत्रण) करणार असाल तर न्यूक्लिओच घ्या, आणि पीआयडीच्या आधी चाक हाताने दहा फेऱ्या फिरवून काउंट जुळतात का ते बघा.