बॉक्स की रीमॅप? गाडी मिसिंग मारायला लागल्यावरचा हिशेब

छोटी टर्बो पेट्रोल चालवणाऱ्याला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच: ताकद वाढवायला सेन्सरच्या तारेत बसणारा ट्यूनिंग बॉक्स लावावा की ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) रीमॅप, म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअरमध्येच बदल, करून घ्यावा? यावरच्या चर्चा बहुतेक वेळा बीएचपी, म्हणजे ताकद, किती वाढले इथेच अडकतात. ते आकडे विकणारा तुम्हाला न विचारता सांगेल. मी एकाच तीन सिलिंडरच्या गाडीत आधी बॉक्स आणि नंतर रीमॅप असं दोन्ही वापरलंय, आणि माझं मत ताकदीवरून बनलेलं नाही. ट्यून केलेली टर्बो आज ना उद्या मिसिंग मारते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही आणि गाडी झटके देते. त्या वेळी दोष शोधायला कोण मदत करतं आणि कोण आडवं येतं, एवढंच मी इथे बघणार आहे.

मिसिंग येण्याचं मूळ कारण दोन्हीकडे सारखंच. बूस्ट (टर्बो हवेला देतो तो दाब) वाढला की सिलिंडरमध्ये हवा जास्त दाटते, आणि दाटलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगचा गॅप (ठिणगी उडते ती फट) आणि प्लगला व्होल्टेज देणाऱ्या कॉइलची कुवत कंपनीने मूळ बूस्ट धरून ठरवलेली असते. त्यात प्लग झिजला की गॅप आपोआप वाढत जातो. त्यामुळे स्टॉकवर (कंपनीच्या मूळ स्थितीत) बिनतक्रार चालणारा प्लग ट्यूनवर नेमका चढावर, वरच्या गिअरला, दोन-अडीच हजार आरपीएमवरून पाय दाबला की दगा देतो. पुण्यात हे तपासायला लांब जायला नको. नवले पुलावरून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढताना चौथ्या गिअरला गाडी ठेवा. झटके असतील तर तिथे कळतातच. तिथे नाही कळले तर खंबाटकीला नक्की. (पहाटे जा. त्या रस्त्यावर दिवसा असले प्रयोग नकोत.)

बॉक्सची बाजू आधी सांगतो, कारण ती खरंच भक्कम आहे. बॉनेट उघडायचं, सेन्सरचे कनेक्टर काढून मूळ जागी लावायचे, गाडी स्टॉक. चहा होईपर्यंत काम उरकतं. रीमॅपमध्ये स्टॉक फाइल परत टाकायची तर ट्यूनरची वेळ घ्या, तो मुंबईचा असेल तर एक्स्प्रेसवेचा टोल भरा, नाहीतर ईसीयूत फाइल टाकायचं, म्हणजे फ्लॅशिंगचं, साधन स्वतःकडे बाळगा. बॉक्सवाले म्हणतात, मिसिंग आलं तर बॉक्स काढून बघा, लगेच कळेल. ऐकायला पटतं.

पण काय कळेल? समजा बॉक्स काढला आणि झटके गेले. यातून एवढंच सिद्ध झालं की कमी बूस्टवर ठिणगी उडतेय. अर्धमेली कॉइलसुद्धा कमी बूस्टवर चालते. झिजलेला प्लगही चालतो. म्हणजे बॉक्स काढून तुम्ही दोष शोधत नाही, तो झाकता. परत लावलात की तो तिथेच असतो. खरी चाचणी जोर असतानाच करायची असते: दोन नंबरची कॉइल एक नंबरवर, एकची दोनवर, आणि तोच चढ पुन्हा. ईसीयू दोषाचा कोड देतो: दोन नंबरच्या सिलिंडरचा पी ०३०२, एकचा पी ०३०१. पी ०३०२ चा कोड पी ०३०१ झाला तर कॉइल गेली. कोड जागचा हलला नाही तर प्लगची अदलाबदल, त्यानंतर पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचा विचार. पी ०३०० आला, म्हणजे कुठलाच एक सिलिंडर पकडता येत नाही, तर सगळ्या प्लगांचा गॅप, इंधन, बूस्टची गळती अशा सगळ्यांना लागू पडणाऱ्या गोष्टींकडे आधी वळायचं. हे करायला बॉक्सची आडकाठी नाही, पण मदतही नाही.

आता ज्या एका कटकटीमुळे माझं ठरलं, ती.

बॉक्स काम कसं करतो ते आठवा. तो बूस्टच्या सेन्सरचा सिग्नल मध्ये अडवतो आणि ईसीयूला खरा आहे त्यापेक्षा कमी दाब दाखवतो. ईसीयूला वाटतं बूस्ट कमी पडतोय, म्हणून तो टर्बोला अजून ढकलतो. सगळी ताकद या एका थापेतून येते. त्यामुळे लॅपटॉप जोडून लॉग (चालत्या गाडीत ईसीयू दाखवतो त्या आकड्यांची नोंद) काढायला बसलात की बूस्टच्या रकान्यात जो आकडा दिसतो तो बॉक्सने सांगितलेला असतो. सीटमध्ये पाठ रुतलेली असते आणि स्क्रीनवर मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट दोन्ही अगदी पुस्तकातल्यासारखे. माझ्या बाबतीत हेच झालं. ज्याला ज्याला लॉग दाखवला त्याने तेच सांगितलं, ‘बूस्ट तर नॉर्मल आहे, कॉइलच असणार.’ लॉगवरून दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतंच. डॉक्टरकडे जाताना क्रोसिन गिळून जायचं आणि त्याने ताप नाही म्हटलं की त्याला दोष द्यायचा, असा तो प्रकार.

आणि खोटेपणा एका रकान्यापुरता राहत नाही. इंजिनवर लोड किती याचा ईसीयूचा अंदाज त्याच दाबावरून निघतो. लोड कमी वाटलं की तो स्पार्क थोडा आधी पाडतो, जो खऱ्या दाबाला जास्तच आधी ठरतो. मग नॉक (मिश्रण आपोआप फुटल्याचा ठोका) ओळखणारा सेन्सर ओरडतो आणि टायमिंग, म्हणजे स्पार्कची वेळ, मागे ओढलं जातं. गाडी एकदम सुस्त होते, आणि चालवणाऱ्याला तेही मिसिंगच वाटतं. कोड पडतो त्या क्षणाची नोंद, म्हणजे फ्रीज फ्रेम, ईसीयू जपून ठेवतो. गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायचं स्वस्तातलं ब्लूटूथ ओबीडी डोंगलही ती वाचून देतं, आणि मिसफायर, म्हणजे हेच मिसिंग, शोधताना पहिला धागा तिथेच मिळतो: किती आरपीएम, किती लोड, इंजिन थंड की गरम. बॉक्स असेल तर त्यातला लोडचा आकडाही त्याच थापेवर उभा असतो. त्यात बॉक्सचे स्वतःचे एक-दोन जादा कनेक्टर. पुण्याच्या पावसाळ्यात आणि टर्बोच्या धगीत त्यांचं लॉक सैल झालं तर झटके तिथूनही येऊ शकतात. म्हणजे शोधायच्या यादीत आणखी एक संशयित.

काही बॉक्स बरे असतात हे मान्य. ज्यांना स्वतःचं ॲप आहे ते खरा दाब तिथे दाखवतात. पण मग एका स्क्रीनवर ॲप, दुसरीवर ईसीयूचा लॉग, आणि दोन्हींची वेळ जुळवत बसायचं. शेजारच्या सीटवर इतका चिकाटीचा मित्र असेल तर हरकत नाही.

रीमॅपमध्ये सेन्सर खरं बोलतो. बूस्ट किती मागितला, किती मिळाला, कुठल्या सिलिंडरमध्ये टायमिंग किती अंश मागे ओढलं, मिश्रणात पेट्रोल किती जास्त, सगळं एका ओळीत वाचता येतं. मिळालेला बूस्ट मागितल्याच्या खाली राहत असेल तर होज (हवेची नळी) किंवा टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरची गळती बघायची. बूस्ट जागच्या जागी आणि एकाच सिलिंडरचा मिसफायर काउंटर चढत असेल तर त्या सिलिंडरचा प्लग-कॉइल. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सहा-एक टक्के कमी. तेवढाच बूस्ट द्यायला टर्बोला जास्त राबावं लागतं, आणि ते किती राबतंय हेही खऱ्या लॉगमध्ये दिसतं. ताम्हिणी उतरून कोकणात गेल्यावर तीच गाडी वेगळी का वाटते, त्याचं उत्तरही तिथेच.

रीमॅप धुतल्या तांदळासारखा आहे असं मात्र नाही. सर्व्हिसला ईसीयूचं सॉफ्टवेअर अपडेट झालं तर तुमचा मॅप पुसला जाऊ शकतो. वॉरंटीचा प्रश्न आहे, आणि ‘बॉक्स काढून सर्व्हिसला न्यायचा, काही कळत नाही’ हा सल्ला मी देणार नाही, कारण कंपनीच्या आणि विम्याच्या नजरेत बॉक्सही बदलच आहे. सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच: काही ट्यूनर तक्रारी नकोत म्हणून मॅपमध्ये मिसफायर ओळखण्याची मर्यादाच सैल करून टाकतात. चेक लाइट लागत नाही, गिऱ्हाईक खूश. न जळलेलं पेट्रोल मात्र पुढे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळवतं. चेक लाइट लुकलुकते ती याचसाठी, ‘पाय काढ’ म्हणून. पैसे देण्याआधी ट्यूनरला हे सरळ विचारा. आढेवेढे घेतले तर दुसरा ट्यूनर बघा. स्टॉक फाइल आणि मॅपनंतरचे लॉग स्वतःकडे मागून घ्या.

दोन्हींपैकी काहीही घ्या, प्लगचा खर्च आधी धरा. एक पायरी थंड प्लग (उष्णता लवकर बाहेर सोडणारा) आणि गॅप ०.६ ते ०.६५ मिलिमीटर, हे बहुतेक ट्यून केलेल्या छोट्या टर्बोंना मानवतं. तुमच्या इंजिनाचं ट्यूनरला विचारून घ्या. नंबर बघताना जपून: एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा कमी झाला की थंड. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या बाजारातून घाईघाईत उलटा घेऊन येणारे असतात. गॅप फिलर गेजने तपासा, बाहेरची पट्टी हळूच वाकवा, मधल्या इरिडियमच्या टोकाला गेज टेकवून जोर देऊ नका. इंधनात एक्सपी १०० किंवा पॉवर ९९ हे जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं तिथे ट्यून केलेल्या गाडीला फरक जाणवतो, निदान मला जाणवला. पण त्याने नॉकिंग कमी होतं. फुटकी कॉइल त्याने सुधारत नाही. थंड इंजिनला सकाळी एकदाच थरथर आणि मग ठीक, असं असेल तर हा सगळा लेख सोडा. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात ते बहुधा इनटेक व्हॉल्व्हवरचं कार्बन असतं, आणि ट्यूनशी त्याचा फारसा संबंध नसतो.

तर माझा कौल रीमॅपला. गाडी दोन-तीन वर्षांत विकायची असेल, किंवा मूळ सॉफ्टवेअरला हात लावायला मन धजत नसेल, तर बॉक्स घेण्यात गैर काही नाही, अनेकांचे वर्षानुवर्षं नीट चाललेत. फक्त तो लावून लॉग काढायची वेळ आली तर बूस्ट आणि लोडचे रकाने बघूच नका. मिसफायरची मोजणी क्रँकशाफ्टच्या वेगातल्या चढउतारावरून होते आणि नॉकची नोंद इंजिन ब्लॉकवरच्या सेन्सरवरून. या दोन सेन्सरच्या तारा बॉक्सच्या हातात नसतात, त्यामुळे सिलिंडरनिहाय तेवढे दोन रकाने काढा आणि मेकॅनिकला तेच दाखवा.