भटकी कुत्री पकडायची कडीची जाळी: घेताना काय बघावे, वापरताना कुठे फसते

नसबंदी मोहिमेचा खर्च मांडताना डॉक्टर, भूल, पिंजरे आणि गाडी यांवर तासभर चर्चा होते. जाळी यादीत सगळ्यात खाली असते आणि 'मिळेल ती आणा' एवढ्यावर तो विषय संपतो. मोहीम मात्र तिथेच बसते. जाळीतून एकदा निसटलेला कुत्रा नंतर गाडीच्या आवाजानेच गल्ली सोडतो, आणि तो भुंकला की बाकीचेही पांगतात. माणसाळलेली कुत्री पहिल्या दोन दिवसांत हाती लागतात. उरतात त्यांत बुजऱ्या माद्या जास्त, आणि पुढच्या वर्षीची पिल्ले त्याच घालणार असतात. म्हणून हे परीक्षण फक्त जाळीचे.

बाजारात बटरफ्लाय नेट किंवा हूप नेट या नावाने मिळते ती ही वस्तू: गोल कडी, तिला लांब दांडा, आणि कडीला बांधलेली निमुळती पिशवी. आपल्याकडचे गावठी कुत्रे साधारण १२ ते २० किलोचे असते. त्या मापाला कडीचा व्यास अडीच फुटांच्या आसपास हवा. दोन फुटांच्या कडीत पळते कुत्रे सापडत नाही. तीन फुटांची कडी उभ्या केलेल्या दोन स्कूटरच्या मधून जात नाही, आणि अर्धी पकड तिथेच करावी लागते.

कडीपेक्षा पिशवीची खोली महत्त्वाची. ती निदान साडेचार फूट असावी. कुत्रे टोकाशी जाऊन बसले पाहिजे आणि वर पीळ द्यायला मोकळी जाळी उरली पाहिजे. पुष्कळ तयार जाळ्यांत पिशवी जेमतेम तीन फूट असते. तिला पीळ बसत नाही, मग माणूस कडी जमिनीवर दाबून धरतो आणि कुत्रे खालून उकरत बाहेर निघते. विक्रेता किलोवर किंवा दांड्याच्या लांबीवर भाव सांगतो. टेप घेऊन खोली आपणच मोजावी.

आस, म्हणजे जाळीचे भोक, २५ ते ३५ मिमीचा, सूत जाड आणि बिनगाठीचे. आस मोठा असला की पंजा आणि थूथन आरपार जाते, अंगठ्याचे नख अडकून उपटते, आणि दात बाहेर आल्याने धरणाऱ्याच्या हातालाही धोका. गाठीचे जाळे डोळ्यांना आणि हिरड्यांना घासते. मासेमारीचे पारदर्शक तंगूसचे जाळे स्वस्त पडते म्हणून काही जण वापरतात. ते कधीही वापरू नये, धडपडणाऱ्या पायात ते सुरीसारखे रुतते. त्यापेक्षा किनाऱ्यावर जाळी विणणारे-सांधणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडून बिनगाठीच्या नायलॉनची पिशवी शिवून घ्यावी आणि कडी फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावी. तयार मालापेक्षा ही जोडी बहुधा सरस ठरते, आणि फाटली तर दुरुस्तीही गावातच होते.

कडी आणि दांडा ॲल्युमिनियमचा. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपची कडी टिकते खरी, पण चुकून पाठीवर किंवा पायावर पडली तर हाड मोडू शकते. कडीवर सायकलची जुनी ट्यूब किंवा फोम गुंडाळून घ्यावा, आघात कमी होतो आणि रस्त्यावर आपटल्याचा खणखणाटही. दांडा चार ते पाच फूट. मोडतो तो कायम एकाच जागी, दांडा कडीला मिळतो त्या सांध्यावर. नुसते वेल्डिंग असेल तर आत फूटभर सळईचा आधार आणि आरपार बोल्ट मारून मागावा. पिशवी कडीला थेट शिवलेली नसावी. दोरीने ओवलेली असली की रस्त्यावर घासून झिजते ती फक्त दोरी, आणि ती दहा मिनिटांत बदलता येते.

आता वापर. एका कुत्र्यामागे एक जाळीवाला ही कंत्राटातली काटकसर आणि पकडीतली सगळ्यात मोठी चूक. दोन जाळ्या हव्यातच, तीन असल्या तर उत्तम: एक जण समोर नुसता उभा राहून लक्ष वेधतो, दुसरा मागून किंवा बाजूने येतो. वेळ पहाटेची, रहदारी सुरू होण्याआधी. पन्नास पावलांच्या पुढे पाठलाग करू नये. रस्त्यावरचे अपघात तिथेच होतात आणि दमलेले, तापलेले कुत्रे भुलीलाही धोक्याचे. जाळी टाकण्याआधी कानाकडे बघायचे. त्रिकोणी खाच असेल तर त्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, सोडून द्यायचे. मग आचळांकडे. दूध उतरलेली मादी उचलली तर तिची पिल्ले आडोशाला उपाशी मरतात. तिची नोंद करून पिल्ले दूध तोडेपर्यंत थांबायचे.

कडी जमिनीला टेकली की लगेच पिशवीचे टोक वर उचलायचे. कुत्रे उजेडाकडे, टोकाकडे धावते. ते आत गेले की कडी उलटी फिरवून पिशवीला दोन पीळ द्यायचे. नवखे लोक इथे कडीवर पाय देऊन उभे राहतात आणि कुत्र्याची मान कडीखाली येते. जाळीतल्या कुत्र्याला दांड्याने उचलून लोंबकळत नेऊ नये. एका हाताने पीळ, दुसऱ्याने पोटाखाली पिशवी. लस किंवा डॉक्टरांनी द्यायचे भुलीचे इंजेक्शन जाळीतूनच मांडीत देता येते, हा या साधनाचा मोठा गुण. गोव्यात मिशन रेबीज या संस्थेची पथके अशीच जाळीने धरून जागेवर लस टोचतात, रंगाची खूण करतात आणि सोडून देतात. त्या राज्याला २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर केले गेले.

इतर साधनांशी तुलना थोडक्यात. लोखंडी चिमटा आणि तारेचा फास यांना मोहिमेत जागाच नसावी; दात तुटतात, जीभ फाटते, श्वास कोंडतो. सुटणाऱ्या फासाचा दांडा फक्त पिंजऱ्यातल्या चावऱ्या कुत्र्यासाठी, तोही अनुभवी हातात. जयपूरच्या हेल्प इन सफरिंग या प्राणीसेवी संस्थेने १९९४ पासून चालवलेल्या मोहिमेत गोणीची पद्धत वापरली; ती मऊ आहे, पण हात बसायला वेळ लागतो. रोज खाऊ घालणाऱ्या माणसाने हाताने धरून पट्टा चढवणे हे सगळ्यांत चांगले, तिथे जाळी काढूच नये. आणि ज्या मादीने जाळी एकदा पाहिली आहे तिच्यासाठी पिंजऱ्याचा सापळा. आत वासाचे काहीतरी, सुका बोंबील उत्तम, आणि नजरेआड सोडून जायचे नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानंतर शाळा, रुग्णालये, बस स्थानके अशा आवारांतून कुत्री हलवायची आहेत. गर्दीच्या अशा जागी पळापळ परवडत नाही. तिथे साडेतीन फुटी आखूड दांड्याची एक जाळी वेगळी ठेवावी. जिन्याखाली आणि बाकांखाली पाच फुटी दांडा फिरतच नाही.

पकडीचा हंगामही बघावा. कुत्र्यांचा भाद्रपद गावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही, म्हणून जोर त्याआधी हवा. पण पावसात भिजलेली नायलॉनची पिशवी जड होते आणि उशिरा उघडते. उन्हाळ्याच्या शेवटी मोहीम केली तर सकाळी नऊच्या आत आटोपावे, आणि गाडीत एका पिंजऱ्यात एकच कुत्रे.

सफाईकडे जवळजवळ सगळे दुर्लक्ष करतात. पार्व्हो हा कुत्र्यांचा जीवघेणा विषाणू जाळीवरून एका वस्तीतून दुसरीत जातो आणि नुसत्या साबणाने मरत नाही. आधी साबणाने माती-लाळ धुवायची, मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग, दहा मिनिटे बुडवून स्वच्छ पाण्यात काढायची. ब्लीचमध्ये रात्रभर ठेवली तर सूत कुजते, कडक उन्हात वाळवली तरी ठिसूळ होते, सावलीत टांगावी. हे काम हातमोजे घालून. जाळी धरणाऱ्या प्रत्येकाची रेबीजची आगाऊ लस पूर्ण झालेली हवी: पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून सातवा, आणि मग एकविसावा किंवा अठ्ठाविसावा. तरीही चावा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायचे आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचे. आधी लस झालेल्याला शून्य आणि तिसऱ्या दिवशी असे दोनच डोस लागतात.

प्रत्येक फेरीआधी पिशवीच्या तळाशी मूठ घालून बोटे ताणून बघायची. तीन आस एकत्र तुटलेले दिसले तर त्या दिवशी ती जाळी गाडीत चढवू नये. कुत्रे तेच भोक नाकाने शोधून काढते.