एअर रायफलला चपटे पेलेट घ्यायचे की गोल?

पोराला बालेवाडीला शूटिंगला घातलं की आईबाबा दुकानात जाऊन गोंधळतात, कारण समोर पेलेटचे, म्हणजे छर्‍यांचे, चार प्रकारचे डबे असतात आणि दुकानदार म्हणतो सगळे .177 चेच (.177 इंच, म्हणजे 4.5 मिमी) आहेत, कुठलेही घ्या. बरोबर आहे, कुठलेही नळीत बसतात, पण कामं वेगळी आहेत. (स्वप्नील कुसाळेला 2024 ला पॅरिसला ब्राँझ मिळालं ते 50 मीटरवर, .22 च्या काडतुसाने, ते वेगळं. इथे आपण 10 मीटरवरच्या 4.5 मिमी छर्‍यांबद्दल बोलतोय.)

10 मीटर कार्डावर मारायचं असेल तर चपट्या नाकाचेच घ्या, म्हणजे वॉडकटर. कार्डाच्या मध्यावरचा 10 गुणांचा ठिपका जेमतेम 0.5 मिमीचा, छर्‍याची कड त्याला शिवली की 10 मिळतात, म्हणून भोक स्वच्छ पाहिजे. चपटा छर्रा कागद पंच मारल्यासारखा कापतो, गोल नाकाचा कागद फाडत जातो, कडेला तंतू राहतात आणि मग शिवला का नाही यावर वाद.

पण अंतर वाढलं की उलटं होतं. चपट्याला हवा जास्त अडवते, वेग भराभर पडतो, 25 मीटरच्या पुढे तर ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, फारच पसरतो. फार्महाऊसवर लांब रिकामे डबे ठेवून मारायचे असतील तर गोल नाकाचे, डोम, डोळे झाकून घ्या. टोकदार दिसायला भारी दिसतात पण ती टोकं डब्यातच वाकतात, मी तरी सुचवणार नाही. हॉलो पॉइंट, म्हणजे नाकाला खळगा असलेले, बाहेरच्या देशात उंदीर-खारींसाठी वापरतात, आपल्याकडे काहीच उपयोग नाही, आणि सिंहगडाच्या बाजूला ससा मारू वगैरे कुणी म्हणत असेल तर स्पष्ट सांगा, 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे.

आता वजन. रायफलला साधारण 0.53 ग्रॅम, पिस्तूलला त्याहून हलके. डब्यावर 4.49, 4.50 असं लिहिलेलं असतं ते छर्‍याच्या डोक्याचं मिमीमधलं माप, आणि खरी मेख इथेच आहे, कारण एका नळीला 4.49 आवडतं तर त्याच कंपनीच्या दुसर्‍या रायफलला 4.50. आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी तिन्ही कंपन्यांचे उत्तम, पण मित्राच्या रायफलला जमलं म्हणून तुमच्या रायफलला जमेलच असं नाही. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा, प्रत्येक प्रकारचे पाच-पाच वेगवेगळ्या कार्डांवर मारा आणि फक्त ग्रुप किती घट्ट येतोय ते बघा, मध्यावर आहे का ते नाही, ते साइटने (नेम धरायच्या भागाने) नंतर जुळवता येतं.

नवीन पोराला महागडे मॅचचे (स्पर्धेचे) छर्रे लगेच नकोत, पहिले काही महिने त्याचा हातच स्थिर नसतो, साधे प्रॅक्टिसचे चपटे पुरतात, वाचलेले पैसे चांगल्या शूटिंग जॅकेटला घाला. स्कोअर एका जागी टिकायला लागला की मग वरची टेस्ट करा, आणि जो डबा जमेल त्याचाच लॉट नंबर (कुठल्या खेपेचा ते) बघून अजून दोन-चार घेऊन ठेवा, पुढचा लॉट तसाच वागेल याची खात्री नसते.

शिसं मऊ असतं, डबा आपटला तरी छर्‍याचा मागचा पातळ घेर, म्हणजे स्कर्ट, चेपतो, उजेडात धरलं की लगेच दिसतं, तसले बाजूला काढा. पावसाळ्यात झाकण घट्ट लावा, नाहीतर पांढरट भुकटी धरते. आणि मारून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पोराला जेवणाचा डबा खाऊ देऊ नका.