आईच्या हेल्थ इन्शुरन्सचे दहा महिने – रूम रेंटची ती एक ओळ

फेब्रुवारीत आईसाठी पाच लाखांची पॉलिसी घेतली, ऑक्टोबरमध्ये ती वापरायची वेळ आली, आणि क्लेममधून चुकीचे कापलेले ४१,६२५ रुपये नोव्हेंबरच्या शेवटी भांडून परत मिळवले. म्हणून आता सगळं सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही, कारण रूम रेंटच्या मर्यादेच्या ज्या अटीने मला रडवलं ती बऱ्याच कंपन्यांच्या कमी प्रीमियमच्या प्लॅनमध्ये असते. दोन शब्द आधीच सांगते: कॅशलेस म्हणजे बिलाचे पैसे विमा कंपनी थेट हॉस्पिटलला देते, आणि वेटिंग पीरियड म्हणजे पॉलिसी घेतल्यावर काही ठरावीक आजार-ऑपरेशनचा खर्च मिळत नाही तो काळ.

आधी थोडं घरचं. आईबाबा नाशिकला, मी ठाण्यात नोकरीला. बाबा ७२ वर्षांचे आहेत, त्यांचं सत्तरीच्या वरच्यांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड आधारवरून काढून घेतलं, त्याला उत्पन्नाची अट नाही आणि पाच लाखांचं कव्हर आहे, ज्यांच्या घरी सत्तरीच्या पुढचं कुणी आहे त्यांनी ते आधी काढा. आई ६२ ची, तिला ते मिळणार नव्हतं, म्हणून पॉलिसी शोधायला घेतली. मदतीला आईच्या भिशीतल्या काकूंचा मुलगा, तो एजंट आहे. फोनवर दहा मिनिटं बोललो, त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन पाठवलं, मी प्रीमियम भरला २५,३७० रुपये, त्यात १८ टक्के जीएसटी होता तेव्हा. आईची बीपीची गोळी आठ वर्षांपासून चालू आहे, ती फॉर्मवर लिहिली. तो म्हणाला होता की ताई लिहायलाच पाहिजे, पुढे क्लेमला तेच निघतं. एवढा एक सल्ला त्याने अगदी बरोबर दिला.

मग पॉलिसीची पीडीएफ मेलवर आली आणि मी ती उघडलीही नाही. पसंत नाही पडली तर ३० दिवसांत परत करता येते, फ्री लूक म्हणतात त्याला, ते दिवसही असेच गेले.

ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या साफसफाईला आई माळ्यावरचे फराळाचे डबे काढायला स्टुलावर चढली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं, डॉक्टर म्हणाले बॉल बदलावा लागेल, उद्याच करू. मी रात्रीच्या गाडीने नाशिकला निघाले आणि वाटेत पहिल्यांदा ती पीडीएफ उघडली, तर त्यात सांधे बदलण्याच्या ऑपरेशनला दोन वर्षांचं वेटिंग लिहिलेलं, माझे तर हातपाय गार पडले. पुढे त्याच वाक्यात अपघात सोडून असं होतं ते इगतपुरी गेल्यावर दिसलं. मुंबईत आणावं का असाही विचार आला होता, पण आमची पॉलिसी नाशिकच्या झोनची, प्रीमियम त्या दराने भरलेला, मुंबईत अ‍ॅडमिट केलं तर १० टक्के आपल्या खिशातून, हेही तेव्हाच कळलं. ट्रेनमध्ये बसून पॉलिसी वाचायची वेळ कुणावर येऊ नये.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहितेय ती. अ‍ॅडमिशनच्या काउंटरवर मुलीने विचारलं, मॅडम ट्विन शेअरिंग देऊ का सिंगल, कॅशलेस आहे ना तुमचं, मग सिंगल घ्या की, आईंना आराम मिळेल. ट्विन ४,५०० रुपये दिवसाला, सिंगल ८,०००. आमच्या पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा सम इन्शुअर्डच्या, म्हणजे पाच लाखांच्या कव्हरच्या, दिवसाला १ टक्का, म्हणजे ५,०००. हे मला तोवर माहीत झालं होतं. मी मनात हिशोब केला की वरचे तीन हजार रोजचे आपण भरू, पाच-सहा दिवसांचे पंधरा-अठरा हजार, आईसाठी एवढं करायलाच हवं, आणि सिंगलवर सही केली. त्या सहीची किंमत मला सहा दिवसांनी कळली.

मधलं जे चांगलं झालं तेही सांगते. कॅशलेसची पहिली मंजुरी ५५ मिनिटांत आली. २०२४ च्या मे महिन्यापासून आयआरडीएआयचा (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) नियम आहे की पहिला निर्णय एका तासात आणि डिस्चार्जचा तीन तासांत द्यायचा. पहिला त्यांनी पाळला, फक्त पडल्याची हकीकत लिहून द्या आणि एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस) केली नाही याचं डॉक्टरांचं पत्र द्या एवढंच मागितलं, बाबांनी तिथेच बाकावर बसून अर्धा कागद लिहून दिला. ऑपरेशन नीट झालं, दुसऱ्या दिवशी आईला वॉकर धरून उभं केलं. त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मी या पॉलिसीला पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

डिस्चार्जच्या दिवशी ११.१० ला फायनल बिल गेलं आणि उत्तर आलं ४.४० ला. बिलिंगवाले म्हणाले अजून एक दिवसाचं रूम रेंट लागेल. मी म्हटलं तीन तासांच्या पुढे उशीर झाला तर वाढीव पैसे विमा कंपनीने भरायचे असा नियम आहे, तुम्ही त्यांच्याकडे मागा, आमच्या बिलात लावू नका. दोन फोन झाले आणि तो दिवस लावला नाही. पण नंतर मंजुरीचं पत्र हातात आलं. बिल ३,१२,०००, मंजूर १,८९,३७५. उरलेले १,२२,६२५ भरा आणि पेशंट न्या. मी एफडी मोडली, तीही मोबाइलवर, काउंटरसमोर उभी राहून.

आता हे कसं होतं ते नीट समजून घ्या, मला हे समजायला तीन रात्री लागल्या. रूम ८,००० ची, मर्यादा ५,०००, म्हणजे तुमचा हक्क ६२.५ टक्के. कंपनी फक्त रूमचं भाडं कमी करत नाही, बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापते, प्रोपोर्शनेट डिडक्शन. सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या व्हिजिट मिळून १,४४,००० होते, त्याचे ९०,००० झाले. इम्प्लांट, म्हणजे बसवलेला कृत्रिम बॉल, ६२,००० चं, त्याचे ३८,७५०. औषधं, तपासण्या, सगळ्याला तीच कात्री. ग्लोव्ह्ज वगैरेचे ९,००० वेगळे गेले, पण ते न मिळणाऱ्या ६८ वस्तूंच्या यादीतले, ते जाणारच होते, त्याबद्दल तक्रार नाही. रोजच्या तीन हजारांच्या फरकाचे अठरा हजार जातील असं धरलं होतं, गेले सव्वा लाखाच्या जवळ.

ऑफिसमधल्या आमच्या एका मॅडमचे मिस्टर सरकारी विमा कंपनीतून रिटायर झालेत. त्या म्हणाल्या यांना पत्र दाखव. रविवारी घरी गेले, काकांनी चहा व्हायच्या आत पत्र वाचलं आणि म्हणाले, ‘‘अगं, यांनी इम्प्लांटवर कसं कापलं? इम्प्लांट काय रूम बघून महाग होतं का?’’ मग त्यांनी जे समजावलं ते कुठल्याही एजंटने, कुठल्याही कॉल सेंटरने मला सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये सर्जनची फी, ओटी, व्हिजिट यांचे दर रूमच्या वर्गाप्रमाणे बदलतात, म्हणून तिथे प्रमाणात कापायला परवानगी आहे. पण औषधं, कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट, तपासण्या यांच्यावर प्रोपोर्शनेट डिडक्शन लावता येत नाही, आयआरडीएआयने जून २०२० मध्येच हे स्पष्ट केलंय. आयसीयूच्या चार्जेसवरही नाही. आणि ज्या हॉस्पिटलात रूमप्रमाणे दर बदलतच नाहीत तिथे तर मुळीच लावता येत नाही. काकांनी पीडीएफ मागितली आणि पान ६ वर असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेसची, म्हणजे प्रमाणात कापता येतात त्या खर्चांची, व्याख्या बोट ठेवून दाखवली, कंपनीच्या स्वतःच्याच कागदात हे सगळं लिहिलेलं होतं.

त्याच रात्री मेल लिहिला. लांबलचक कैफियत लिहिली होती, काकांनी ती सगळी काढायला लावली आणि चार ओळी ठेवल्या: पॉलिसी नंबर, क्लेम नंबर, व्याख्येचा क्लॉज, आणि आकडे. इम्प्लांटवर कापले २३,२५०, औषधांवर १०,८७५, तपासण्यांवर ७,५००, एकूण ४१,६२५ परत करा. पहिलं उत्तर आलं की क्लेम पॉलिसीच्या अटींनुसार सेटल केलाय, धन्यवाद. मग कंपनीच्या ग्रीव्हन्स (तक्रार) ऑफिसरला तोच मेल, आणि आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार. तिथेही जमलं नसतं तर विमा लोकपालाकडे जायची तयारी होती, आपल्याकडे पुण्यात आणि मुंबईत ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही. तेवढी वेळ आली नाही. तीन आठवड्यांनी खात्यात ४१,६२५ जमा झाले, सोबत दिलगिरीचा एक शब्दही नव्हता. पण जमा झाले. आईला फोन केला तर ती आधी घाबरली की आता काय झालं.

बाकीचे गेले ते गेलेच. मी हॉस्पिटलचं दरपत्रक मागून पाहिलं, रूमप्रमाणे दर खरंच बदलत होते, त्यामुळे सर्जन-ओटीवरची ५४,००० ची कपात नियमातली. रूमचे १८,००० धरून ७२,०००. बिलिंगच्या मुलाकडून काढून घेतलं की ट्विन घेतली असती तर सर्जन-ओटीचे १,४४,००० ऐवजी १,१८,००० लागले असते आणि कंपनीने ते पूर्ण दिले असते, आमच्या खिशातून फक्त ते ग्लोव्ह्जचे नऊ हजार. म्हणजे सहा रात्रींच्या सिंगल रूमला मी ७२,००० दिले, रात्रीला बारा हजार. आणि आई काय म्हणाली माहितीये का, शेजारी कुणी असतं तर बोलायला तरी झालं असतं गं. हे मला अजून टोचतं.

एजंटबद्दल माझं मत मात्र मधे बदललं, ते लिहिणं भाग आहे. ऑक्टोबरभर मी त्यालाच दोष देत होते, भिशीतल्या काकूंशी आईचं बोलणंही जरा कमी झालं. तक्रारीसाठी जुनं व्हॉट्सअ‍ॅप चाळताना दिसलं की त्याने दोन कोटेशन पाठवले होते. दुसऱ्यात लिहिलं होतं सिंगल प्रायव्हेट एसी रूम, आकड्याची मर्यादा नाही, प्रीमियम २९,५००. मी खाली लिहिलंय, कमीवाला करूया. फरक ४,१३० रुपयांचा. मी वाचलंच नाही. त्याने एक वाक्य समजावून सांगायला हवं होतं हे माझं अजूनही म्हणणं आहे, ‘सगळं कव्हर आहे ताई’ हे वाक्य त्याने म्हणायला नको होतं. पण लपवलं नव्हतं त्याने काही. मी त्याला फोन करून तसं सांगितलं, आणि पुढच्या महिन्यात आई वॉकर घेऊन भिशीला गेली.

म्हणून पॉलिसी घेताना कुणाची मदत घेणाऱ्यांना कळकळीने सांगते, एजंट असो, वेबसाइट असो, ऑफिसातलं कुणी असो, प्रीमियमचा तक्ता बघायच्या आधी त्यांना विचारा की माझ्या गावातल्या हॉस्पिटलात ८,००० ची रूम घेतली तर तीन लाखांच्या बिलातून मला किती मिळतील, आकडा लिहून द्या. ज्याला देता येईल त्याच्याकडून घ्या. पॉलिसीबरोबर ग्राहक माहिती पत्रक येतं, सीआयएस, दोन-चार पानांचंच असतं आणि मराठीतही मागता येतं, मी आता मागून घेतलं आणि बाबांनी ते वाचलं. आणि मर्यादेवालीच पॉलिसी असेल तरी ती वाईट नाही, फक्त काउंटरवर मर्यादेतलीच रूम मागायची, ती रिकामी नसेल तर तसं हॉस्पिटलकडून लिहून घ्यायचं.

आता नूतनीकरणाचं. ११ फेब्रुवारीला तारीख आहे. दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचं तर किमान ४५ दिवस आधी अर्ज लागतो, पण नवीन कंपनी आईचं वय, बीपी आणि ताजं ऑपरेशन बघून नाही म्हणू शकते, आणि बीपीच्या वेटिंगचं एक वर्ष आता भरत आलंय. म्हणून त्याच कंपनीत वरच्या प्लॅनमध्ये जाता येतं का ते ब्रँचमध्ये जाऊन विचारलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झालाय, त्यामुळे जुना प्लॅन २२,९०० ला पडतोय आणि रूमची मर्यादा नसलेला २६,८००. गेल्या वर्षी मी जे भरले त्याच्यापेक्षा फक्त १,४३० जास्त. आणि झालेलं वेटिंग धरलं जाईल असं त्यांनी सांगितलं, मी म्हटलं मेलवर द्या, मेल आला तेव्हाच फॉर्म आणि डिस्चार्ज समरी दिली. त्यांची मंजुरी अजून यायचीय.

क्लेम झाल्यावर वर्षाच्या आत कुणी असा प्लॅन बदलून घेतला असेल, विशेषतः साठीच्या पुढच्या माणसासाठी, तर त्यांनी वेगळी मेडिकल टेस्ट मागितली का ते प्लीज सांगा. आई अजून जिना नीट चढत नाही, लॅबवाल्याला घरी बोलवायचं असेल तर मला आधी ठरवावं लागेल.