'द बिग बँग थिअरी'चा संपूर्ण डीव्हीडी संच : रब्बीच्या ओलितात पाहिलेली मालिका

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शेतात हरभऱ्याला पाणी द्यायचे असले की आठवड्यातले काही दिवस विजेची पाळी रात्रीची येते, आणि मोटर सुरू केल्यापासून स्प्रिंकलरचे पाईप पुढच्या जागी हलवण्याची वेळ होईपर्यंत शेतातल्या खोलीत जागत बसण्यावाचून दुसरे काही करता येत नाही. तिथे मोबाइलला रेंज धरत नाही. मागच्या हिवाळ्यात या जागरणाला 'द बिग बँग थिअरी' या अमेरिकी विनोदी मालिकेच्या बाराही पर्वांच्या डीव्हीडींची सोबत मिळाली. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे शास्त्रज्ञ मित्रांवरची मालिका मला आवडणार हे उघडच होते. परंतु ती इतकी जवळची का वाटली, हे नीट मांडावे असे संच पाहून झाल्यावर प्रकर्षाने वाटले.

आधी संचाविषयी. सीबीएस वाहिनीवर ही मालिका २४ सप्टेंबर २००७ रोजी सुरू झाली आणि १६ मे २०१९ रोजी संपली. तिचे २७९ भाग आहेत आणि प्रत्येक भाग साधारण वीस-बावीस मिनिटांचा आहे, म्हणजे पाईप हलवण्याच्या दोन खेपांमध्ये पाच-सहा भाग आरामात होतात. आमचा संच भाच्याने अमेरिकेतून आणला होता, आणि तसा कोणी आणणार असेल तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. डीव्हीडीवर प्रदेशाचा क्रमांक असतो. अमेरिकेचा १ आणि भारताचा ५, त्यामुळे आमच्या घरच्या प्लेअरने तबकडी स्वीकारलीच नाही. संगणकाच्या ड्राइव्हचा प्रदेश बदलता येतो, पण तोही मोजून पाच वेळा, आणि त्यानंतर ड्राइव्ह शेवटच्या निवडीवर कायमचा थांबतो. मी एक जुना लॅपटॉप याच संचासाठी राखून ठेवला. इंग्रजी सबटायटल्स मात्र सुरूच ठेवावीत, कारण शेल्डन या मुख्य पात्राचे बोलणे एका दमात धावते.

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहरातल्या कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत काम करणारे चार मित्र मालिकेच्या केंद्रस्थानी आहेत. शेल्डन कूपर सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ, लेनर्ड हॉफस्टॅटर प्रायोगिक भौतिकशास्त्रज्ञ, राज कुथरापल्ली खगोलभौतिकशास्त्रज्ञ आणि हॉवर्ड वॉलोविट्झ अभियंता. आपल्याकडे मुलगा इंजिनिअर झाला की गावभर पेढे वाटले जातात. इथे मात्र हॉवर्डकडे पीएच.डी. नाही म्हणून शेल्डन त्याला सतत टोचत राहतो, आणि तोच हॉवर्ड पुढे अंतराळ स्थानकावर जाऊन येतो. शेजारच्या घरात पेनी राहायला येते आणि तिच्या येण्यापासून गोष्ट सुरू होते.

माझ्या मते मालिकेचे सारे आकर्षण शेल्डनच्या सोफ्यावरच्या जागेत सामावले आहे. पहिल्याच भागात तो पेनीला त्या जागेवरून उठवतो आणि तीच जागा का, हे समजावून सांगतो. हिवाळ्यात तिथे हीटरची ऊब मिळते पण घाम येत नाही, उन्हाळ्यात समोरासमोरच्या खिडक्यांतून येणारे वारे तिथून जाते, आणि टीव्ही अशा कोनात दिसतो की गप्पांतही भाग घेता येतो आणि चित्रही वेडेवाकडे होत नाही. ऐकणाऱ्याला हसू येते, पण त्याचे एकही कारण चुकीचे नाही. आमच्या गावच्या पारावर एका आजोबांची जागा अशीच ठरलेली होती, आणि सावली कोणत्या वेळी कुठे सरकते याचा त्यांचा हिशेब कधी चुकत नसे. मित्र शेल्डनला कंटाळतात, त्याच्यावर चिडतात, त्याच्या अटींच्या लांबलचक करारावर सही करतात, आणि तरीही ती जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवतात. गावात एखादे पोर तारे मोजत बसले किंवा प्रत्येक गोष्टीचे कारण विचारू लागले की त्याला 'बह्याड' म्हणून लोक मोकळे होतात. अशा पोराला घरात, जेवणाच्या ताटाशेजारी, रोजची बसायची जागा देणारी माणसे या मालिकेत आहेत, आणि मला तिचा सर्वांत मोठा गुण तोच वाटतो.

शेजारच्या शेतातला नववीत शिकणारा मुलगा वडिलांसोबत ओलिताला आला की आमच्या खोलीत येऊन बसत असे. इंग्रजी त्याला अर्धेच कळे, पण दुसऱ्या भागातला जिन्याचा प्रसंग त्याने तीन वेळा मागे नेऊन पाहिला. पेनीचे फर्निचरचे जड खोके शेल्डन आणि लेनर्ड यांना वर न्यायचे आहे आणि इमारतीची लिफ्ट बंद आहे. लेनर्ड हिशेब मांडतो, की जिना म्हणजे उतरण, तिचा कोन ३० अंश धरला तर लागणारे बल साधारण निम्मे होईल. शेल्डन लगेच दुरुस्ती करतो, की साधारण नव्हे, बरोबर निम्मे. ३० अंशांची साइन किंमत एक-द्वितीयांश असते, त्यामुळे दुरुस्ती अचूक आहे, आणि तरी खोके वर नेताना दोघांची दमछाक होते. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, पण ते पायरीले घासन नं, तं निम्म्यापेक्षा जास्तच जोर लागन." सोयाबीनचे कट्टे फळीवरून गाडीत चढवताना त्याने हाताने अनुभवलेले घर्षण त्या दोघांच्या हिशेबात नव्हते. वर्गात मी उतरणीचा धडा अनेक वर्षे शिकवला आहे; इतका नेमका प्रश्न मला तिथे क्वचितच ऐकायला मिळाला.

मालिकेतले विज्ञान दिखाऊ नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड साल्टझबर्ग हे मालिकेचे विज्ञान-सल्लागार होते, आणि घरातल्या पांढऱ्या फळ्यांवर दिसणारी समीकरणे खरी आहेत. चित्र थांबवून ती वाचण्यात माझ्या काही रात्री गेल्या. एमी या मेंदूशास्त्रज्ञाची भूमिका करणाऱ्या मायिम बियालिक यांनी स्वतः मेंदूविज्ञानात पीएच.डी. मिळवलेली आहे. स्टीफन हॉकिंग आणि किप थॉर्न यांच्यासारखे शास्त्रज्ञ स्वतःच्याच रूपात पडद्यावर येतात. मराठी वाचकाला नावाशीही एक धागा सापडेल. विश्वाची सुरुवात महास्फोटातून झाली असे मांडणाऱ्या सिद्धांतासाठी 'बिग बँग' हा शब्दप्रयोग ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांनी १९४९ साली बीबीसीच्या नभोवाणीवर प्रथम वापरला, आणि त्यांना स्वतःला तो सिद्धांत मान्य नव्हता. केंब्रिजमध्ये याच हॉयल यांच्या हाताखाली आपले जयंत नारळीकर शिकले आणि विश्वाच्या पर्यायी मांडणीसाठी आयुष्यभर झटले. विज्ञानातला मतभेद कटुतेवाचून किती काळ जपता येतो, हे मुलांना सांगताना मी आता हे उदाहरण देतो.

जिम पार्सन्स यांच्या अभिनयाविषयी लिहावे तितके थोडे आहे. शेल्डनच्या भूमिकेसाठी त्यांना अमेरिकी दूरचित्रवाणीचे मानाचे चार एमी पुरस्कार मिळाले. पेनीच्या दारावर तीन वेळा ठोकून तीन वेळा तिचे नाव घेण्याची शेल्डनची सवय वारंवार येते, पण प्रत्येक वेळी त्या आवाजात राग, भीती किंवा काळजी यांतले काहीतरी वेगळे असते. मालिकेचे चित्रीकरण स्टुडिओत प्रेक्षकांसमोर होत असे, आणि त्यांचे हसणे ध्वनिमुद्रणात राहिले आहे. शेतातल्या शांततेत ते हसणे पहिल्या दोन रात्री फार खटकले. नंतर वडशाकडे पाहिलेली झाडीपट्टीची नाटके आठवली, जिथे मंडपातला हशा ओसरेपर्यंत नट पुढचे वाक्य अडवून धरतो, आणि पार्सन्स नेमके तेच करतात हे ध्यानात आले.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. सुरुवातीच्या पर्वांत हॉवर्ड स्त्रियांशी ज्या रीतीने बोलतो ते विनोद म्हणूनही खपवून घेऊ नये असे आहे, आणि त्या भागांच्या वेळी मी शेजारच्या मुलाला पाईप पाहायला पाठवत असे. राज दिल्लीचा आहे, परंतु त्याच्या वाट्याला आलेले विनोद बहुतेक वेळा परक्याच्या नजरेतून केलेले आहेत. स्त्रियांसमोर मद्याशिवाय त्याला बोलता येत नाही, ही कल्पना सहा पर्वे ताणली आहे. एमी आणि बर्नाडेट या दोन शास्त्रज्ञ स्त्रिया आल्यानंतर मालिका सावरते, कारण तेव्हापासून बुद्धी ही केवळ पुरुषांची मालमत्ता राहत नाही. शेवटच्या तीन-चार पर्वांत लग्ने आणि संसार अधिक, प्रयोग कमी, अशी थोडी निराशा झाली. कॉमिक्स आणि अंतराळपटांवरचे बरेच विनोद आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत, पण त्यांच्यावाचून अडत नाही.

पेनी नेब्रास्कातली, मक्याच्या शेतांच्या मुलखातली आहे, आणि मला तीच सर्वांत ओळखीची वाटली. पदवी नसलेली ही मुलगी त्या चौघांना माणसांत कसे वागावे हे शिकवते. एका प्रसंगात चौघांची गाडी बंद पडते. इंजिन कसे चालते हे सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि दुरुस्ती एकालाही येत नाही. तो भाग पाहत असतानाच आमच्या मोटरचा स्टार्टर पडला. मी बॅटरी शोधेपर्यंत मुलाने झाकण उघडले, फ्यूजची तार बदलली आणि पाणी पुन्हा सुरू केले.

बंद लिफ्टचे अखेरीस काय होते ते मी इथे सांगत नाही. नव्या प्रेक्षकाने पहिल्या पर्वापासूनच सुरुवात करावी, आणि घाई असल्यास थेट चौथे पर्व लावावे. आमचा संच सध्या अपुरा आहे. पाचव्या आणि सहाव्या पर्वाच्या तबकड्या त्या मुलाकडे आहेत, आणि हॉवर्ड अंतराळातून परत कसा उतरतो हे पाहून झाल्याशिवाय त्या परत मिळणार नाहीत असे त्याने मला सांगून ठेवले आहे.