मोजणी पक्की, आखणी कच्ची: कॉलेज रोडवरचा ट्रेनर कोर्स

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या जिम ट्रेनर कोर्सच्या या शनिवार-रविवारच्या बॅचमध्ये डंबेल तिसऱ्या आठवड्यापर्यंत हाताला लागत नाही, आणि तेच बरं आहे. आधी ७ प्रश्नांची पार-क्यू, म्हणजे व्यायाम सुरू करण्याआधी तब्येतीचे धोके विचारणारी प्रश्नावली. एकाही उत्तराला 'हो' आलं, तर पुढची चौकशी झाल्याशिवाय चाचणी नाही. मग ५ मिनिटं शांत बसवून रक्तदाब. जाड दंडाला रक्तदाबयंत्राचा छोटा पट्टा (कफ) बांधला की आकडा उगाच वर येतो, हे इथं दोन्ही कफ बांधून दाखवतात.

स्टेप टेस्ट, म्हणजे पायरी चढ-उतार करवून दम तपासायची चाचणी, मात्र सगळ्यात छान घेतात. १२ इंची पायरी, मेट्रोनोम (ठरावीक वेगानं ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ९६ ठोक्यांवर, चार ठोक्यांत एक चढ-उतार, म्हणजे मिनिटाला २४. अशी ३ मिनिटं. थांबल्यावर लगेच बसवायचं, ५ सेकंदांच्या आत नाडी धरायची आणि पूर्ण मिनिट मोजायची. क्लायंट 'पाणी पिऊन येतो' म्हणाला की चाचणी वाया, कारण नाडी झपाट्यानं उतरते आणि दमलेला माणूसही कागदावर फिट दिसतो. अंगठ्यानं नाडी धरणाऱ्याला तिथल्या तिथं टोकतात, कारण अंगठ्याला स्वतःचे ठोके लागतात.

कोर्स घसरतो तो यानंतर. एवढं मोजून हातात येतो छापील तक्ता: २२० वजा वय, म्हणजे कमाल नाडीचा अंदाज, त्याचे ७० टक्के. विश्रांतीची नाडी घेतली कशाला मग? क्लायंट ४६ वर्षांचा, विश्रांतीची नाडी ७६ असेल, तर २२० वजा ४६ म्हणजे १७४, त्यातून ७६ वजा करून ९८ उरतात. त्यांचे ४० ते ५९ टक्के काढून परत ७६ मिळवायचे, म्हणजे मध्यम व्यायामासाठी साधारण ११५ ते १३४. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब, हृदयविकारासाठीची गोळी) घेणाऱ्याला तर हे गणितही चालत नाही. गोळी नाडी पुरती चढू देत नाही. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर त्याच्यासोबत चालावं: बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग मध्यम. टॉक टेस्टचा हा धडा कोर्समध्ये एका स्लाइडवर उरकलाय.

चरबी मोजायचे कॅलिपर दोनच आहेत. कातडीची चिमूट न सोडता, बोटांपासून १ सेंटिमीटरवर कॅलिपर लावून एक-दोन सेकंदांत वाचायचं, हे हाताला वळण लागल्याशिवाय जमत नाही. फी भरण्याआधी बॅचमध्ये किती जण आहेत ते विचारा.