जुन्या डीलक्स रिव्हर्बमध्ये क्रीमबॅक बसवला, कसा वाजतोय ते सांगतो

क्रीमबॅक म्हणजे सेलेस्टियन कंपनीचा जी१२एम-६५ हा गिटार ॲम्पचा स्पीकर, आठ ओहमवाला. सत्तरच्या दशकातल्या सिल्व्हरफेस (पुढची पट्टी चंदेरी असलेल्या) फेंडर डीलक्स रिव्हर्ब या गिटार ॲम्पमध्ये बसवलाय आणि मला जाम आवडलाय. पुण्यात जुने ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे, सांभाळणारे आपण मोजकेच लोक आहोत आणि दर वेळी कोणीतरी विचारतंच की स्पीकर गेला आता कुठला टाकू, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ॲम्प मामाचा, अमेरिकेहून आलेला, त्यामुळे १२० व्होल्टचा आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो. आत मूळचा ऑक्सफर्ड स्पीकर होता. हे कसं कळतं तर स्पीकरच्या फ्रेमवर एक नंबर छापलेला असतो, पहिले तीन आकडे कंपनीचे, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, २२० म्हणजे जेन्सन, ३२८ म्हणजे युटा, आणि पुढे वर्ष आणि आठवडा. म्हणजे ४६५-६८३५ असेल तर ऑक्सफर्ड, १९६८ सालचा पस्तिसावा आठवडा. जुना ॲम्प विकत घेताना हा नंबर आधी बघा, विकणारा ओरिजिनल ओरिजिनल म्हणतो ते खरं की नाही तिथेच समजतं.

माझ्या ऑक्सफर्डचा कोन (समोरचा कागदी पडदा) कडेने फाटला होता आणि कॉइल (त्यामागची तारेची गुंडाळी) घासत होती. तपासायला सोपं आहे, दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून हलकेच सारखा दाब द्यायचा, आतून खर्रर्र आलं की कॉइल घासतेय. तपकीर गल्लीत एका काकांकडे घेऊन गेलो, पीएचे, म्हणजे कार्यक्रमातल्या लाउडस्पीकर सिस्टिमचे, स्पीकर रोज रिकोन करणारा (नवा कोन बसवून देणारा) माणूस, त्यांनी हातात घेतला आणि सरळ सांगितलं, "कोन बसवून देतो, वाजेल पण जोरात, पण गिटारचा कोन नाहीये बघा आपल्याकडे, हा पीएचा बसेल." इतकं खरं बोलणारा दुकानदार मिळणं भाग्यच म्हणायचं. कारण फरक मोठा आहे. गिटारचा स्पीकर साधारण पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर झपकन पडतो आणि तो पडतो म्हणूनच ट्यूबचं डिस्टॉर्शन (सूर फुटणं) गोड लागतं, तेच पीएच्या कोनवर, त्यात ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) असला तर आणखीनच, माशी कानात शिरल्यासारखं वाजतं.

मग नवीन शोधायला लागलो. आणि इथे लोक सगळ्यात आधी वॉट बघतात. वॉट बघायचेच, पण ते फक्त स्पीकर जळू नये म्हणून. डीलक्स रिव्हर्ब २२ वॉटचा, पण ट्यूब ॲम्पचा व्हॉल्यूम पूर्ण उघडला की रेटिंगपेक्षा बराच जास्त पॉवर देतो, त्यामुळे एकटा स्पीकर असेल तर निदान दुप्पट वॉटचा घ्यावा असं माझं मत. याच हिशोबात २५ वॉटचा ग्रीनबॅक स्पीकर माझ्यासाठी बाद झाला, आणि सेलेस्टियनचा ब्लू, तो अल्निको मॅग्नेटवाला, व्हॉक्स एसी३० या ॲम्पचा जीव, तो तर १५ वॉटचाच आहे. एसी३० मध्ये दोन असतात म्हणून चालतं, डीलक्समध्ये एकटा टाकलात तर कधी जाईल सांगता येत नाही, आणि किंमत ऐकून तर घाम फुटतो.

पण आवाज कसा लागणार हे ठरवताना सगळ्यात आधी बघायचा आकडा म्हणजे सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो ते), आणि तो कोणी बघतच नाही राव! क्रीमबॅक जी१२एम-६५ चा ९७ डीबी (डेसिबल), सेलेस्टियनच्याच व्हिंटेज ३० चा १०० डीबी. तीनच डीबी वाटतात ना, पण तीन डीबी म्हणजे ॲम्पची पॉवर दुप्पट केल्यासारखं. म्हणजे व्हिंटेज ३० टाकला तर माझा २२ वॉटचा ॲम्प ४४ वॉटच्या ॲम्पइतका मोठा वाजणार. मोठ्या मैदानात ड्रमरसमोर उभं राहायचं असेल तर उत्तम, पण मी कोथरूडमध्ये फ्लॅटमध्ये राहतो, शेजारी लहान बाळ आहे, मला ट्यूब तापून सूर फुटायला लागेल तो पॉइंट कमी आवाजात हवा होता. म्हणून ९७. आमच्या बँडमधल्या मित्राने त्याच्या डीलक्समध्ये व्हिंटेज ३० टाकलाय, तो हार्ड रॉक वाजवतो, त्याला त्याचा वरच्या मिड्सचा (मधल्या पट्टीतल्या सुरांचा) धारदारपणा हवाच असतो. मला तो टेलीकास्टर गिटारच्या ब्रिज पिकअपवर कानात टोचतो.

आता आवाज. क्रीमबॅकचा मिड भरलेला आहे, गोल, गाणाऱ्याच्या छातीतून आल्यासारखा, आणि फेंडरच्या त्या थोड्या पोकळ मिड्समध्ये तो बरोबर जाऊन बसतो. व्हॉल्यूम पाचच्या पुढे नेला की नोट हळूहळू फुटत जाते, पिक हलका लावला की परत स्वच्छ. ब्लूजला तर काय सांगू, तास कसे जातात कळत नाही. पहिले काही दिवस आवाज बंद बंद, ताठ वाटला, नवीन कोन असतोच तसा, वाजवत राहिलो तसा सैल होत गेला, तेव्हा पहिल्याच दिवशी मत बनवू नका.

कमी कुठे पडतो? अगदी स्वच्छ, काचेसारखा फेंडर क्लीन हवा असेल तर तिथे. भावगीतांच्या कार्यक्रमात मी आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून) धरतो, तिथे वरची चमक मला थोडी कमी वाटली, ट्रेबल वाढवून काम भागलं पण जेन्सनची मजा नाही. ज्यांना मुख्यतः क्लीनच वाजवायचंय त्यांनी जेन्सन सी१२क्यू बघा, फेंडर स्वतः १९६४ च्या डीलक्सच्या हँडवायर्ड रीइश्यूमध्ये (नव्याने काढलेल्या आवृत्तीत) तोच देतं. आताचे जेन्सन इटलीत बनतात, शिकागोचे जुने नव्हेत, पण चांगले आहेत. स्टेजवर माइक लावणार असाल तर माइक कोनच्या मधोमध की कडेला, यानेही तेज बरंच कमी-जास्त होतं, स्पीकरला शिव्या देण्याआधी माइक सरकवून बघा.

बसवायला अवघड नाही. बारा इंची आहे, जुन्या बोल्टवर बसला. नट एकदम आवळू नका, समोरासमोरचे थोडे थोडे करत घट्ट करा, नाहीतर फ्रेम वाकते. मागे मॅग्नेट ट्यूबला लागत नाही ना हे आधी मोजून घ्या, वजनदार मॅग्नेटवाल्या स्पीकरना हा त्रास होतो. ओहम मल्टिमीटरवर बघायचं, आठ ओहमचा स्पीकर साडेसहाच्या आसपास दाखवतो, तेवढा दाखवला म्हणून खराब समजून परत पाठवू नका. आणि स्पीकर काढलेला असताना ट्यूब ॲम्प चालू करायचा नाही, चुकूनही नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो आणि जुन्या फेंडरचा तो इथे सहज मिळत नाही.

मागवताना शिपिंग आणि ड्युटी धरून हिशोब करा, स्पीकर जड असतो, त्यामुळे बाहेरच्या साइटवरची किंमत बघून हुरळून जाऊ नका. इथल्या एखाद्या डीलरकडून ऑर्डर देऊन घेतलात तर निदान खोका उघडून त्याच्यासमोर तपासता येतो. ऑक्सफर्ड मात्र मी फेकला नाही, नंबरासकट कापडात गुंडाळून ठेवलाय, गिटारचा खरा कोन मिळाला की काकांकडेच रिकोनला देणार.

फेंडरच्याच मोठ्या ट्विन रिव्हर्ब ॲम्पवाल्यांनी हा हिशोब जसाच्या तसा उचलू नका. तो ८५ वॉटचा, आत आठ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल म्हणजे चार ओहम, त्यात ६५ वॉटचे दोन लावलेत तर पूर्ण उघडल्यावर जरा काठावरच येतं. तिथे ७५ वॉटचा जी१२एच क्रीमबॅक बरा, पण तो १०० डीबीचा आहे, तेव्हा ट्विन घरात वाजवायचा विचार सोडाच.